जीर्णोद्धार की खाडाखोड?

मराठीच्या अध्यापकांनी मोटारगाडीवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. वाटू द्यावे. एम.ए.च्या वर्गावर पाठचिकित्सेचा घटक आम्ही दोघे गेली पंधरा-सोळा वर्षे शिकवत आलो आहोत. त्यातले आम्हाला स्वतःला किती कळले होते याची परीक्षा अलीकडे एका जुन्या पिकअपने घेतली, आणि त्या परीक्षेत आम्ही जेमतेम अर्धेच उत्तीर्ण झालो. ही कबुली आधीच देऊन ठेवतो; कारण पुढे जे कडक शब्दांत लिहिणार आहोत, त्यातले काही आम्हालाही लागू आहेत.

आमच्यापैकी एकाचे घर नेवासे तालुक्यातले. १९७१ साली या घरातल्या आजोबांनी महिंद्रची एफ.सी.-१५० ही पिकअप घेतली. विलीज जीपचे हे भावंड अमेरिकेत १९५७ च्या सुमारास निघाले आणि साठच्या दशकात महिंद्रने ते आपल्याकडे बांधायला घेतले. चपट्या तोंडाची गाडी. पुढे बॉनेट नाही. इंजिन केबिनमध्येच, दोन बैठकांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. त्यामुळे उन्हाळ्यात चालवणाऱ्याची डावी मांडी भाजून निघे, म्हणून झाकणावर ओले गोणपाट टाकलेले असे. मागे लाकडी फळ्यांचा हौदा, त्याला लोखंडी फाळका. या गाडीने घोडेगावच्या आणि नगरच्या बाजारात कांदा नेला, उसाचे बेणे आणले, खताच्या गोण्या आणल्या, वऱ्हाडे नेली, बाळंतिणी नेल्या, १९७२ च्या दुष्काळात पाण्याची पिपे नेली. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि ती घराला परवडेनाशी झाली. तेव्हा काही वर्षांनी तिचे मूळ इंजिन काढून एका मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन तिच्यात बसवले गेले. २००४ च्या सुमारास ती थांबली आणि गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. आजोबांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे अशी ती वारशाने आली. आता चौथ्या पिढीतल्या पुतण्याने ती 'रिस्टोअर' करायला काढली आहे.

पुतण्या अभियंता आहे, हौशी आहे, आणि त्याचे गाडीवर खरोखर प्रेम आहे. तो म्हणाला, "काका, शोरूममधून आत्ताच बाहेर काढल्यासारखी दिसली पाहिजे. अगदी ओरिजिनल." आम्हाला ते पटले. आम्ही मान डोलावली, खर्चातला वाटाही दिला. आमचा पहिला गुन्हा तो.

महिनाभराने आम्ही वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा डावा दरवाजा खरवडून, लांबी भरून, प्रायमर मारून तयार होता. त्या दरवाजावर आजोबांचे नाव, गावाचे नाव आणि कोपऱ्यात रंगाऱ्याची सही होती. अक्षरे वळणदार होती. गावाच्या नावातला एक ऱ्हस्व तो दीर्घ काढीत असे, तसा काढलेला होता. त्या दरवाजाचे एक छायाचित्रसुद्धा आमच्याकडे नाही. उजवा दरवाजा अजून व्हायचा होता. तो काढून भिंतीशी टेकवून ठेवलेला, आतली बाजू वर. तिथे रंगाच्या खाली, खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या. पाच-पाचांचे गट, ओळीने. प्रत्येक गटावर एक लांब आडवी रेघ. डेंटरने सहज सांगितले, "हे उद्या घासून घेतो, सर. दोन हात मारले की काय राहत नाही."

त्या रेघा कोणाच्या, हे घरात विचारले तेव्हा सगळ्यांना एकदम आठवले. ड्रायव्हरमामांच्या. पाथर्डी तालुक्यातून आलेला हा माणूस १९७१ पासून १९९४ पर्यंत ही गाडी चालवत होता. घरातली सगळी मुले त्याला मामा म्हणत. त्याला महिन्याचा पगार नव्हता. खेपेमागे पैसे ठरलेले होते. प्रत्येक खेपेला तो दरवाजाच्या आत एक रेघ ओढी आणि हिशेब मिळाला की त्या गटावर आडवा छेद देई. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची ती खातेवही होती. आणि घराच्या दंतकथेत, लग्नपत्रिकेत, वर्षश्राद्धाला सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत ज्यांच्या हाती या गाडीचे स्टेअरिंग असते, त्या आजोबांना गाडी चालवता येतच नव्हती, हेही त्याच दिवशी एका आत्याने हसत हसत सांगितले.

इथून आमचा वाद सुरू होतो. वाद गाडीशी नाही, पुतण्याशी तर नाहीच. तो 'मूळ रूप' या कल्पनेशी आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. जुनी वस्तू काळाने विद्रूप होते. तिच्यावर गंज चढतो, नको ते जोड बसतात, अडाणी हात तिला बिघडवतात. हे सारे दूर करून निर्मात्याला अभिप्रेत होती तशी ती पुन्हा उभी करणे म्हणजे तिचा सन्मान करणे. हा पक्ष क्षुल्लक नाही. आम्ही वर्गात जे शिकवतो त्याच्याशी तो वरवर मिळताजुळता आहे. संपादकही प्रक्षेप काढतो, लेखनिकाच्या चुका दुरुस्त करतो, मूळ संहितेच्या जवळ जाऊ पाहतो. आमचे नेवासे तर या बाबतीत तीर्थक्षेत्रच. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी इथे सिद्ध झाली आणि तीनेक शतकांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी पैठणला तिची प्रत शुद्ध केली. एकनाथांनी केले ते पुतण्याने का करू नये?

याला आमचे उत्तर असे.

पहिली गोष्ट, एकनाथांनी शुद्धीकरण केले ते सांगून केले. कधी केले, का केले याची नोंद ग्रंथाला जोडली. त्या नोंदीमुळेच पुढे राजवाड्यांना एकनाथपूर्व म्हणून एक प्रत १९०९ साली पुढे करता आली आणि अभ्यासकांना तिच्याशी भांडताही आले. ज्या दुरुस्तीवर तारीख आणि कर्त्याचे नाव असते, तिच्याशी वाद घालता येतो. आमच्या डाव्या दरवाजावर आज कोणाचीच सही नाही. जुन्या रंगाऱ्याची पुसली गेली आणि नव्याने केली नाही. कारण आपण काही केलेच नाही, गाडी मुळात अशीच होती, असे भासवणे हेच त्याच्या कामाचे यश मानले जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पुरे झाले. त्या आवृत्तीचे पान ज्याने उघडून पाहिले आहे त्याला ठाऊक असते की वर संहिता थोडी आणि खाली पाठभेदांची दाटी मोठी. संपादकांनी जे नाकारले तेही तळाला जपून ठेवले. उद्या त्यांचा निर्णय चुकला असे कोणाला वाटले, तर पुरावा तिथेच हाताशी आहे. आणि समजा तळटीपा नसत्या, तरी पोथ्या शाबूत होत्याच. चिकित्सक आवृत्ती काढणारा संपादक पोथीवरची शाई खरवडत नाही. गाडीची मात्र एकच प्रत असते. तिच्यावर पॉलिश पेपर चालवणारा माणूस नवी आवृत्ती काढत नसतो. तो एकमेव पोथी धुऊन काढतो आणि त्याच पानावर आपला मजकूर लिहितो. या दोन क्रियांना एकच नाव द्यायचे, हा भाषेचा दुरुपयोग आहे.

आता 'मूळ रूपा'कडे वळू. मूळ म्हणजे कोणते? १९७१ साली कारखान्यातून निघाले ते? त्या रूपात ही गाडी फार तर काही आठवडे होती. पहिल्याच कांद्याच्या हंगामात हौद्याच्या फळ्या बदलल्या, कमानपाटे वाढवले, पेट्रोलच्या इंजिनाने जेमतेम सहा-सात वर्षे काढली आणि डिझेलच्या इंजिनाने पंचवीसहून अधिक. मिलिंद राजाला नागसेन रथाविषयी विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का. तो प्रश्न आमच्या वर्गात विद्यार्थी मान डोलावत ऐकतात. तोच प्रश्न वर्कशॉपमध्ये विचारला तर वेडे ठरवतील. कारखान्याचे रूप हे मूळ आणि बाकी सारे प्रक्षेप, या गृहीतकात एक उघड मूल्यनिर्णय दडलेला आहे. अभियंत्याने कागदावर आखले ते अस्सल, आणि मिस्त्रीने वेल्डिंग करून, ड्रायव्हरने तार बांधून, शेतकऱ्याने गरजेपोटी जे केले ते भ्रष्ट.

हा निर्णय आता कायद्यातही उतरला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे. मूळ रूपात राखलेले हवे. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. वापर खासगी हवा. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, फेरनोंदणीस ५,०००, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. चांगली गोष्ट. पण व्याख्येत बसतात त्या दुचाकी आणि माणसे वाहणाऱ्या चारचाकी. मालवाहू गाडी त्यात नाही. म्हणजे आमची पिकअप पन्नाशी उलटूनही दोनदा अपात्र. एकदा माल वाहिला म्हणून, आणि दुसऱ्यांदा, माल वाहता यावा म्हणून इंजिन बदलले म्हणून. संस्थानिकाची मोटार वारसा ठरते, कारण ती फारशी राबली नाही. जी राबली तिच्यासाठी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेले मोडीचे धोरण आहे. पंधरा वर्षे झाली की तपासणी, आणि तपासणीत नापास झाली की भंगार. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर राहाव्यात असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की काय जपण्यासारखे आहे हे ठरवताना राबण्याच्या खुणा दोष म्हणून मोजल्या गेल्या आहेत.

याच जिल्ह्यात, अहिल्यानगर शहरालगत, १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन तिथे उभा आहे. तो पाहायला येणारा माणूस त्याच्या कारखान्याचे कौतुक करायला येत नाही. त्याचे तिथे असणे हीच त्याची हकीकत. लष्कराला हे कळते की वस्तूचे मोल तिच्यावर काय गुदरले यात असते. ज्या जिल्ह्यात आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला, तिथे कांदा, ऊस, दूध आणि ऊसतोडीची बिऱ्हाडे वाहणाऱ्या एका गाडीला मात्र असे छप्पर मिळालेले आमच्या पाहण्यात नाही. ती एक तर भंगारात जाते, नाही तर रंगरंगोटी होऊन हॉटेलच्या दारात लग्नाआधीच्या छायाचित्रणासाठी उभी राहते. आम्हाला या दोन गतींत फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत तिने काय केले ते पुसले जाते.

आणि आपण साहित्यवाले? आपले हात स्वच्छ आहेत असे समजण्याचे कारण नाही. ज्या १९७१ साली ही पिकअप आमच्या अंगणात आली, त्याच वर्षी आनंद यादवांची 'गोतावळा' प्रसिद्ध झाली. मळ्यावरचा गडी, त्याची जनावरे, आणि ट्रॅक्टर येताच उठून गेलेला त्याचा सारा गोतावळा. कादंबरी मोठी आहे, यात शंका नाही. पण तिच्यानंतर आपण एक सोपा नियम बनवून टाकला. बैल म्हणजे नाते, यंत्र म्हणजे घात. त्या नियमाखाली किती ललित लेख, किती दिवाळी अंक निघाले! यंत्रही शेतकऱ्याच्या हातात म्हातारे होते, त्यालाही गोणपाट पांघरले जाते, त्याच्यावरही एका गड्याचे आयुष्य खर्ची पडते, हे आपल्या समीक्षेच्या दृष्टिपथात फारसे आले नाही. नेमाड्यांची 'हिंदू' २०१० साली आली आणि तिच्या उपशीर्षकातली 'समृद्ध अडगळ' आपण चर्चासत्रांत मनसोक्त वापरली. घरी मात्र अडगळ निघाली की आपण भंगारवाल्याला हाक मारतो किंवा डेंटरला. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये आम्हीही हेच करणार होतो.

याउलट एक उदाहरण नेवाशातच आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात, तो पैसाचा खांब. मूळचे देऊळ राहिले नाही, खांब राहिला. पुढे त्याच्या भोवती नवे मंदिर बांधले गेले, पण खांब होता तसा ठेवला. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला 'पैस' हे नाव दिले ते याच खांबावरून. कोणी तो खांब तासून गुळगुळीत केला असता तर? छप्पर नवे असायला हरकत नाही. खांबाला हात लावायचा नाही, एवढे तारतम्य आमच्या पूर्वजांना होते.

रस्किनने १८४९ सालीच जीर्णोद्धाराला असत्य म्हटले होते, पण त्याच्याइतके टोक आम्हाला गाठायचे नाही. तो इमारतींविषयी बोलत होता. गाडी चालली पाहिजे. खुद्द जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली ट्यूरिनची सनदसुद्धा वाहन वापरात राहावे असेच म्हणते; मात्र चालत्या आयुष्यात झालेले बदल हे त्याच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत आणि ते पुसून गाडी कारखान्याच्या तारखेला नेऊन ठेवणे बंधनकारक नाही, असेही ती म्हणते. परदेशी हौशी मंडळींना जे उमगले, ते आमच्या शास्त्रात आधीपासून आहे. फक्त दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांत आपण गल्लत करतो. ब्रेक नवे घाला, नळ्या बदला, चासीला गंज लागला असेल तिथे पत्रा जोडा. जो भाग काम करतो तो बदलण्यासाठीच असतो, आणि ड्रायव्हरमामांनीही तो शंभरदा बदलला असेल. पण जो भाग साक्ष देतो त्याला हात लावण्याआधी थांबा. त्याचे छायाचित्र घ्या, त्याची हकीकत लिहून काढा, ती सांगणाऱ्याचे नाव लिहा. मग ठरवा. बहुतेक वेळा असे दिसेल की हात लावण्याची गरजच नव्हती.

यावर एक आक्षेप आम्हाला घरातूनच ऐकावा लागला. "गाडी आपली आहे. तिचे काय करायचे ते आपण ठरवू." हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. 'वारसा' हा शब्द आपण हल्ली फक्त मिळकतीच्या अर्थाने वापरतो. जुन्या धर्मशास्त्रात मुलाकडे बापाची मालमत्ता येई तसे त्याचे ऋणही येई. आमच्या उजव्या दरवाजावर नेमके हेच लिहिलेले आहे. त्या रेघा आम्ही दोघांनी बॅटरीच्या उजेडात, वही घेऊन मोजल्या. सगळ्या गटांवर आडवा छेद आहे. शेवटच्या ओळीतल्या एकोणीस रेघांवर नाही.

या एकोणीस खेपांचे पैसे दिले गेले की नाही? आजोबांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. कदाचित पैसे मिळाले असतील आणि छेद द्यायचा राहून गेला असेल. कदाचित १९९४ च्या हंगामाअखेर मामा आजारी पडून गावी गेले ते परतलेच नाहीत, त्यात तो हिशेब राहिला असेल. सांगता येत नाही. पण हा प्रश्न विचारता येतो, तो केवळ त्या रेघा अजून तिथे आहेत म्हणून. "दोन हात" आणखी मारले असते, तर प्रश्नच उरला नसता. जीर्णोद्धाराच्या नावाखाली आम्ही एका माणसाचे खाते बंद केले असते. आणि वर 'आजोबांची गाडी' असे कपाळावर सोनेरी अक्षरांत लिहून घेतले असते. तसे लिहायचे ठरलेही होते.

म्हणूनच आम्ही म्हणतो की 'मूळ रूप' ही निरागस हौस नाही. कुटुंबाचा इतिहास मालकाच्या बाजूने एकसलग करून घेण्याची ती रीत आहे. रंगारी, मिस्त्री, ड्रायव्हर, हौद्यात गोण्यांवर बसून गेलेल्या बायका, या साऱ्यांचे हात त्या पत्र्यावर आहेत. खरवडताना त्यांचेच हात आधी जातात, कारण ते वरच्या थरात असतात.

विद्यार्थ्यांना आणि सहकारी अध्यापकांना आमची एक विनंती आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या परिसरात अशा दहा-वीस गाड्या, ट्रॅक्टर, ऊस गाळायचे चरक, पाण्याची इंजिने छपराखाली पडून असतील. पदव्युत्तर वर्गाचा एक प्रकल्प त्यांच्यावर करावा. वस्तूवरची अक्षरे, आकडे, खुणा उतरवून घ्याव्यात. ती वापरणाऱ्यांची, विशेषतः मालक नसलेल्यांची, तोंडी हकीकत नोंदवावी. पाठचिकित्सा शिकवायला यापेक्षा चांगली हस्तलिखिते मिळणार नाहीत, आणि ती फार दिवस मिळणारही नाहीत.

आमच्या गाडीचे झाले ते असे. डावा दरवाजा नवा कोरा आहे. त्याच्या आतल्या बाजूस आम्ही काय पुसले गेले ते आणि तारीख लिहून ठेवली आहे. उजवा दरवाजा तसाच बसवला. दोन दरवाजांचे रंग जुळत नाहीत, आणि पुतण्याला ते अजून खुपते. इंजिन चालू आहे, आर.सी. बुकाची मुदत केव्हाच सरली असल्याने ती रस्त्यावर जात नाही, शेतातल्या शेतात फिरते. पाथर्डीकडे जाऊन आम्ही मामांच्या मुलाला भेटलो. तो येऊन गेला. ड्रायव्हरच्या बाजूला बसला, बोटाने त्या रेघा मोजल्या, मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. पैशाची गोष्ट त्याने काढली नाही, आम्ही काढली. एकोणीस खेपांचे आजच्या भावाने किती होतात, आणि ते द्यायचे की १९९४ च्या भावाने द्यायचे, याविषयी घरात अजून एकमत झालेले नाही.